होरपळलेली निगेटिव्ह

"मामा, हे सगळं मोबाइलवर मिळतं ना, मग डिस्क कशाला?"

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा ('पथेर पांचाली' आणि पुढचे दोन चित्रपट) क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने काढलेला फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या डिस्कचा, संच मी आज उघडत असताना भाचीने हे विचारले, आणि मला उत्तर सुचले नाही.

संध्याकाळी तिला चित्रपटांच्या जीर्णोद्धाराविषयी सांगितले. १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. ठिसूळ झालेल्या त्या पट्ट्या इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी पुन्हा मऊ करून, कडेची फाटलेली छिद्रे हाताने सांधून, स्कॅन करण्याजोग्या केल्या.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि आपले जुने मराठी सिनेमे?"

२००३ साली पुण्यातही आग लागून जुन्या चित्रपटांच्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला होता. तिला हे सांगायला हवे होते का?