आमची वाटचाल : दोन जुने लेथ आणि मधलं ते २००८ साल

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत १९९६ साली भाड्याच्या शेडमध्ये दोन सेकंडहँड लेथ (धातू कातायच्या मशिनी) टाकून मी मशिन शॉप सुरू केलं, तेव्हा हाताखाली एकच पोरगा होता, तोही अर्धा दिवस. काम जॉबवर्कचं, म्हणजे फाउंड्रीतनं (ओतकामाच्या कारखान्यातनं) कास्टिंग, म्हणजे ओतलेला कच्चा नग यायचा, आम्ही त्याचं फेसिंग बोअरिंग ड्रिलिंग (तोंड सपाट करणं, आतलं भोक मापात आणणं, नवीन भोकं पाडणं) करून परत द्यायचं आणि नगामागं पैसे घ्यायचे. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉड्या, हायड्रॉलिकचे पार्ट. बेळगावात ज्याला मायक्रोमीटर नीट धरता येतो तो उपाशी मरत नाही असं आमचे वडील म्हणायचे, आणि २००८ पर्यंत मला ते शंभर टक्के खरं वाटायचं.

२००६ ला कर्ज काढून पहिली सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिन घेतली. आम्हाला माल देणाऱ्या फाउंड्रीचं निम्म्याहून जास्त काम अमेरिका आणि जर्मनीला जायचं, त्यामुळं आमचंही तिकडंच. दोन शिफ्ट, १४ माणसं, कोण येळ्ळूरचं, कोण मच्छेचं, देसूरचं, दोघं चंदगडकडचे.

२००८ ला अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरला रविवारी आली होती. आपली मिरवणूक तुम्हाला माहितीच आहे, कपिलेश्वर तलावावर शेवटचा गणपती पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो, त्यामुळं सोमवारी शॉपमध्ये चारपाच जणच आले, तेही तारवटलेल्या डोळ्यांनी. त्याच सोमवारी, १५ सप्टेंबरला, तिकडं न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स या मोठ्या गुंतवणूक बँकेनं दिवाळं जाहीर केलं. १८५० पासूनची कंपनी, ६०० अब्ज डॉलरच्या वर देणी. मंगळवारी पेपरात वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं, कारण आमचा शेअर बाजाराशी काय संबंध? माझ्या नावावर एक शेअर नव्हता, आजही नाही.

खंडेनवमीला मशिनींची पूजा केली तोवर सगळं नॉर्मल होतं. दिवाळीच्या आठवड्यात फाउंड्रीतनं फोन आला की पुढचा लॉट थांबवा, आणि जो तयार आहे तो पण इकडं पाठवू नका, ठेवायला जागा नाही. मला वाटलं रिजेक्शन आलं, आमच्याच बोअरमध्ये चूक झाली असणार, म्हणून रात्री बसून सगळे नग परत मोजले. सगळे मापात होते.

खरी गोष्ट नंतर फाउंड्रीच्या मालकांनी समजावून सांगितली. तिकडचा व्यापारी पंप विकतो, पण गोडाऊनमधला माल तो बँकेच्या उधारीवर भरतो. लोकांच्या थकलेल्या घरकर्जांत लेहमन बुडाल्यावर बँकांचाच एकमेकांवरचा विश्वास उडाला, कोण कधी जाईल सांगता येईना, मग उधारी बंद, आणि उधारी बंद झाली की तो व्यापारी पहिलं काय करतो तर नवीन ऑर्डर थांबवतो आणि आहे तोच माल संपवतो. त्याच्या गोडाऊनपासनं आमच्या लेथपर्यंत मधी पाचसहा जण होते, प्रत्येकानं थोडाथोडा हात आखडता घेतला आणि शेवटच्या माणसाकडं काहीच उरलं नाही. शेवटचे आम्ही होतो असं मला तेव्हा वाटत होतं.

पण आमच्या मागं पण रांग होतीच की. पिरनवाडीहून एक मावशी आमच्या पोरांना डबे द्यायच्या, ११ डबे. नोव्हेंबरमध्ये ५ झाले, संक्रांतीपर्यंत ३. मावशी एक दिवस शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मालक, भाजीत काय कमी पडालंय काय? पोरं सांगत नाहीत मला." ते अजून आठवलं की पोटात कालवतं. त्यांना मी काय सांगणार होतो, अमेरिकेत लोकांनी घराचे हप्ते भरले नाहीत म्हणून तुमचे डबे कमी झाले? कोपऱ्यावरचा चहावाला, कास्टिंग आणणारा टेम्पोवाला, पोरांची भिशी, सगळ्यांची तीच गत. आमच्या एका हेल्परच्या बहिणीचं लग्न माघात ठरलेलं ते एक वर्ष पुढं गेलं.

मी कुणाला काढलं नाही, पण आठवड्याला तीनच दिवस काम दिलं आणि पगारही तेवढाच, त्यामुळं काढलं नाही असं अभिमानानं सांगायचा मला हक्क नाही असं मला वाटतं. ६० दिवसांत येणारं बिल पाच महिन्यांनी यायला लागलं. रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट (ती बँकांना ज्या दरानं उधार देते तो) ९ टक्क्यांवरनं एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाचवर आणला, पेपरात मोठी बातमी, पण आमच्या बँकेत हप्ता कमी करा म्हणून गेलो तर नुसतं "बघू" मिळालं. हप्ते बायकोचं गंठण गहाण टाकून भरले. ते सोडवलं २०११ च्या अक्षय्य तृतीयेला.

तरी दोघं गेलेच. एक गोव्याला पॅकिंगच्या कामाला, आणि आमचा सगळ्यात चांगला बोअरिंगचा माणूस गावाकडं रताळी लावायला. त्याला अडवायला माझ्याकडं कामच नव्हतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी धरून ठेवल्या. कुठल्याही एका पार्टीचं काम तिसऱ्या हिश्श्याच्या वर घ्यायचं नाही, कितीही चांगला रेट दिला तरी, आणि तीन महिन्यांचा पगार एफडीत वेगळा ठेवायचा, त्याला एरवी हात लावायचा नाही. मग साखर कारखान्यांच्या पंपांचे स्पेअर घेतले, ट्रॅक्टरचे पार्ट घेतले. २०१८ ला आपल्याकडंच आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणारी कंपनी कोसळली, ९० हजार कोटींच्या वर कर्ज असलेली, फायनान्स कंपन्यांचे हात आखडले, ट्रक खरेदी पडली आणि २०१९ ला उद्यमबागेत बऱ्याच शेडमध्ये दुसरी शिफ्ट बंद झाली. आमची पण झाली. पण पगार पूर्ण दिले, एफडी मोडून, आणि डबे एकानंही कमी झाले नाहीत, आता ते मावशींची सून आणते.

रताळी लावायला गेलेला माणूस २०१० च्या सुगीनंतर परत आला होता. आता त्याचा मुलगा आमच्याकडं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिन) चालवतोय. दुसरी शिफ्ट परत सुरू करतोय, दोन ऑपरेटर पाहिजेत, खानापूर रोडच्या बाजूचे असतील तर बरं, रात्री बसचा त्रास होतो.