एडिंबऱ्याहून स्टर्लिंग : आधी पूल, मग किल्ला

एडिंबऱ्याहून एका दिवसात स्टर्लिंग पाहून येणारे बहुतेक पर्यटक स्टेशनवर उतरले की थेट किल्ल्याची वाट धरतात. आम्ही दोघींनी मात्र आधी फोर्थ नदीवरचा जुना पूल, नंतर किल्ला आणि शेवटी इंग्रजांशी लढलेला स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेस याचे स्मारक असा क्रम ठरवला होता. यामागे माझ्या मैत्रिणीचा आग्रह होता. ती पुण्यात शाळेत इतिहास शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. ‘‘अगं, किल्ला कशावर नजर ठेवायला बांधला ते आधी बघू या, म्हणजे किल्ल्यावर गेल्यावर नुसत्या भिंती दिसणार नाहीत,’’ असे तिने आदल्या रात्री नकाशा पसरून सांगितले आणि मला ते पटले. किल्ल्याची तिकिटे त्याच रात्री ऑनलाइन काढून ठेवली, कारण आगाऊ तिकीट थोडे स्वस्त पडते आणि दारावर रांगेत उभे राहावे लागत नाही.

वेव्हर्ली स्थानकावरून स्टर्लिंगला पोहोचायला साधारण पाऊण ते एक तास लागतो. जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी, कारण वाटेत लिनलिथगोचा राजवाडा त्याच बाजूला दिसतो. स्कॉटलंडची राणी मेरी १५४२ साली तिथे जन्मली आणि पुढे दिवसभर तिचे नाव आमच्या कानावर पडत राहिले. लार्बर्ट गेल्यावर सपाट मुलूख लागतो आणि त्यातून एकदम वर आलेल्या काळ्या कड्यावर किल्ला उभा दिसतो. हा कडा अग्निजन्य खडकाचा आहे. हिमयुगातल्या बर्फाने आजूबाजूचा मऊ खडक खरवडून नेला, पण हा टणक भाग तसाच राहिला आणि त्याच्या आडोशाला राहिलेल्या उतरणीवर पुढे गाव वसले.

स्टेशनवरून चालत गेल्यास जुना पूल जवळच आहे. आज दिसणारा चार कमानींचा दगडी पूल, १२९७ साली वॉलेसने इंग्रजांना हरवले त्या लढाईतला नाही. तो लाकडी पूल इथून थोडा वरच्या अंगाला होता. दगडी पुलाची दक्षिणेकडची कमान १७४५ साली पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या जॅकोबाइट बंडखोरांच्या फौजेची वाट अडवण्यासाठी उडवून देण्यात आली आणि १७४९ साली पुन्हा बांधली गेली. आता पुलावर फक्त पादचारी असतात, त्यामुळे कठड्याशी हवे तितका वेळ उभे राहता येते. नदी इथे रुंद नाही, पण तिचे पाणी गढूळ, खोल आणि संथ आहे. खालच्या बाजूला ती रुंदावत समुद्राला मिळते आणि त्या काळी वरच्या बाजूला मैलोगणती दलदल पसरलेली होती. म्हणून दक्षिणेकडून उत्तरेत फौज न्यायची तर ती इथूनच न्यावी लागे, आणि स्टर्लिंग ज्याच्या हाती त्याच्या हाती स्कॉटलंडची किल्ली. हे मी आधी वाचले होते, तरी त्या कठड्याशी उभी राहून मान वळवून कड्याकडे पाहिले तेव्हाच ते मला खऱ्या अर्थाने समजले.

पुलाकडून परतताना रस्त्याने न जाता आम्ही गावन हिलची पायवाट घेतली, आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी हीच वाट घ्यावी असे मी आवर्जून सुचवेन. टेकडीच्या टोकाला लोखंडी जाळीखाली एक दगड ठेवलेला आहे. तो शिरच्छेदाचा दगड म्हणून दाखवला जातो. स्कॉटलंडच्या पहिल्या जेम्स राजाने १४२५ साली आपला चुलतभाऊ, आल्बनीचा ड्यूक मर्डॉक याला स्टर्लिंगमध्येच देहदंड दिला होता. तिथून किल्ल्याची उत्तर बाजू अगदी अंगावर येते.

किल्ल्यात आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. आत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरतो तो चौथ्या जेम्सने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण करवून घेतलेला ग्रेट हॉल, कारण करड्या दगडांच्या गर्दीत तो एकटाच फिकट सोनेरी रंगाचा आहे. पुढच्या काळात लष्कराने त्यात मजले आणि भिंती घालून त्याची बराक केली होती. १९६४ साली लष्कर गेल्यावर आणि बरीच वर्षे जीर्णोद्धाराचे काम चालल्यावर १९९९ साली तो पुन्हा मूळ रूपात खुला झाला. हा चकचकीत रंग अनेकांना खटकतो, हे मला माहीत आहे. तरीही राजाचा दिवाणखाना दुरून दिसावा, पाहणाऱ्यावर छाप पडावी यासाठीच तो असा रंगवला जात असे, आणि त्यामुळे मला तो योग्यच वाटला. याच दालनात १५९४ साली युवराज हेन्रीच्या बाप्तिस्म्याची मेजवानी झाली, तेव्हा माशांचे पदार्थ एका लाकडी जहाजातून आणले गेले आणि त्या जहाजावरच्या तोफाही उडवल्या गेल्या.

पाचव्या जेम्सचा राजवाडा १५४० च्या सुमाराचा. त्याच्या छतावर बसवलेली ओक लाकडातली कोरीव मुखवर्तुळे, म्हणजे गोल फळ्यांवर कोरलेले चेहरे, आता वेगळ्या दालनात लावली आहेत, आणि छतावर त्यांच्या रंगवलेल्या प्रतिकृती आहेत. मुळातली वर्तुळे सुमारे मीटरभर व्यासाची आहेत. जवळून पाहिले की टाचणीएवढ्या भोकांपासून बाईच्या बाहीवरच्या चुण्यांपर्यंत सगळे दिसते. एका वर्तुळाच्या कडेने शून्ये आणि उभ्या रेघा ओळीने कोरल्या आहेत. ती वीणेसारख्या तंतुवाद्यावर वाजवायच्या संगीताची खूण असावी, असे काही अभ्यासक मानतात. मैत्रीण त्या एका वर्तुळासमोर इतकी रेंगाळली की तिथल्या कर्मचारी बाईंनी स्वतःहून पुढे येऊन तिला रेघा कशा वाचायच्या ते समजावून सांगितले.

किल्ल्यातच आर्गाईल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे संग्रहालय आहे आणि भारतीय माणसाने ते चुकवू नये. या पलटणीची पूर्वज असलेली ९३ वी हायलँडर्स १८५७ साली लखनौच्या सिकंदरबागेत लढली होती. शौर्यपदकांच्या त्या काचेच्या पेट्यांसमोर उभे राहिल्यावर, समोरच्या बाजूला जे मारले गेले त्यांची आठवण होऊन आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

गरम सूप आणि पाव खाऊन आम्ही उतारावरच्या चर्च ऑफ द होली रूडमध्ये गेलो. १५६७ सालच्या जुलैमध्ये इथे सहाव्या जेम्सला राज्याभिषेक झाला, तेव्हा तो अवघा तेरा महिन्यांचा होता आणि प्रवचनाला धर्मसुधारक जॉन नॉक्स उभा होता. त्याची आई मेरी हिला १५४३ साली वर किल्ल्यातच मुकुट चढवला गेला, तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. बाहेर पडताना मनोऱ्यावर १६५१ सालच्या वेढ्यातल्या गोळ्यांचे व्रण पाहायला विसरू नये.

वॉलेस स्मारक गावापासून दूर, ॲबी क्रेग या टेकडीवर आहे. गावातून बस मिळते आणि टेकडीच्या पायथ्यापासून वर चालत जाता येते. लोकवर्गणीतून उभारलेला हा ६७ मीटर उंच मनोरा १८६९ साली खुला झाला. त्याला २४६ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि जिना गोल असून इतका अरुंद आहे की वरून कुणी आले तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. मधल्या दालनात वॉलेसची म्हणून पाच फुटांहून लांब तलवार ठेवली आहे. तिचे आजचे रूप त्याच्या काळानंतरचे असल्याचे जाणकार सांगतात. ‘‘तलवारीपेक्षा वरून दिसणारी नदी जास्त खरी आहे, चल लवकर,’’ म्हणत मैत्रीण पुढे झाली.

गच्चीवरून ते सारे एका नजरेत आले. ११ सप्टेंबर १२९७ रोजी वॉलेस आणि अँड्र्यू मरे याच टेकडीवर थांबले होते. इंग्रजांची फौज त्या अरुंद लाकडी पुलावरून जेमतेम दोन-दोन घोडेस्वारांच्या रांगेने अलीकडे येत होती, आणि पूल उतरल्यावर तिला नदीच्या वळणाने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या ओलसर जमिनीवरच उभे राहावे लागत होते. निम्मीअर्धी फौज अलीकडे येईपर्यंत या दोघांनी दम धरला, मग खाली उतरून पुलाचे तोंड अडवले, आणि अडकलेल्यांना मागे वाट उरली नाही. इंग्रजांचा खजिनदार क्रेसिंगहॅम तिथेच पडला; मरेही जखमी होऊन पुढे वारला. गनिमाला अडचणीच्या जागी गाठायचे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

बॅनकबर्न आम्ही मुद्दाम या दिवसात घातले नाही. १३१४ सालची, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याची ती रणभूमी गावाच्या दक्षिणेला आहे आणि तिला वेगळा अर्धा दिवस द्यायला हवा. वॉलेस स्मारकाची शेवटच्या प्रवेशाची वेळ मात्र त्या दिवशीची पाहूनच निघावे, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते आणि किल्ल्यात रमलेल्या माणसाची ती सहज हुकू शकते.