पाव तास, अडीचशे शब्द

स्मरणिकेसाठी अडीचशे शब्द मागितलेत. पत्र वाचून हसूच आलं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप पाव तासात बरोबर तेवढेच शब्द लिहायचा. पहाटे साडेपाचला, घड्याळ समोर ठेवून. मग पोस्टाची नोकरी. हे कुणी सांगितलं, ते आपल्या बॅचला सांगायला नको. शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच, मी इंग्रजीच्या सरांबद्दलच लिहितो.

ऑफ तासाला सर आले की मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. "लिहा. पाव तास." मला एकदा 'छत्री' आली होती. चाळीस शब्दांवर गाडी अडली. सरांनी मोजून खाली लाल शाईनं ४० लिहिलं, बाकी काही नाही.

एकदा ट्रॉलपची 'द वॉर्डन' (१८५५) ही कादंबरी सांगत होते. हार्डिंग नावाचा पाद्री, बारा म्हाताऱ्यांच्या आश्रमाचा व्यवस्थापक, वर्षाला ८०० पौंड. वर्तमानपत्र बोंब मारतं की हा पैसा म्हाताऱ्यांचा. हार्डिंग गांगरला की नसलेला चेलो वाजवतो. चेलो म्हणजे काय, मागून कुणीतरी विचारलं. "मोठी सारंगी समज," म्हणत सर खुर्चीत बसले, गुडघ्यांत काहीतरी धरलं आणि उजवा हात हवेत आडवा फिरवू लागले. नेमके मुख्याध्यापक दारात! सर थांबले नाहीत. हात फक्त हळू झाला. शेवटी हार्डिंग राजीनामा देतो, कुणी मागितलेला नसताना.

ट्रॉलपनं सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. आत्मचरित्रात मात्र शब्दांचा नि पैशांचा हिशोब मांडून बसला, आणि ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेल्यावर टीकाकारांनी त्याला कारकुनांत काढलं. डिकन्स सगळ्यांना ठाऊक, हा कुणालाच नाही. सरांना याचा मनापासून राग यायचा.

पोस्टाची परीक्षा पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "ट्रॉलपच्या खात्यात लागलास की रे!" जर्सी बेटावर १८५२ मध्ये टपालपेट्या बसल्या त्या त्याच्याच सूचनेवरून, हेही तेव्हाच कळलं. चौतीस वर्षं नोकरी करून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. हार्डिंगसारखी वेळ एकदाच आली. राजीनामा काही दिला नाही.

मागच्या वर्षी शाळेत डोकावलो. वाचनालयाच्या जागी संगणककक्ष आहे. सरांचं पुस्तकांचं कपाट कुठं गेलं, शिपायालाही माहीत नव्हतं.

हे लिहायला दीड तास लागला. शब्द संपादकांनी मोजून घ्यावेत.