गुरुवार धरून या: संभाजीनगरचे बाजार, पायी

वेरूळ, अजिंठा, मकबरा हे सगळं शाळेच्या सहलीतच उरकलेलं. म्हणून संक्रांतीच्या आधी परभणीहून गेलो ते फक्त बाजार फिरायला. सिडकोतली आत्या म्हणाली, "बाजार काय परभणीत नाहीत का रे? तिकीट काढून बाजार बघायला कोण येतं!" आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन तीच पुढे.

गुरुवार मुद्दाम धरला, कारण शहरातल्या छावणी भागाचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. भाजी कुठंही मिळते, तिथं बघायची ती जनावरांची बाजू. एका गोऱ्ह्याचा सौदा चालला होता. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलेलं, आत बोटं धरून भाव चाललेला, तोंडानं अवाक्षर नाही. मध्येच एकानं हात झटकून काढला, चार पावलं गेला, परत आला. पुन्हा उपरणं. गंमत बघायची तर लवकर जा. ऊन चढलं की धूळ फार उडते. भाजीच्या बाजूला ढाळ्याच्या (ओल्या हरभऱ्याच्या) जुड्या, बोरं आणि गाजरं. सुटे पैसे जवळ असू द्या.

दुपारनंतर जुनं शहर. पैठण गेटला रिक्षा सोडायची आणि टिळक पथानं गुलमंडी, तिथून सिटी चौक, सराफा आणि शेवटी शहागंज. अंतर दीड-दोन किलोमीटर, पण आम्हाला चार तास लागले. दुचाकी आत नेऊ नका. आम्ही नेली, लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला आणि आत्याचं बोलणं खावं लागलं ते वेगळंच.

मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलेलं हे गाव. जुन्या भागात गल्ल्यांची नावंच धंदे सांगतात: रंगार गल्ली, कासारी बाजार, कुंभारवाडा, सराफा. रंगार गल्लीत आता रंगारी शोधावे लागतात, कुंभारवाड्यात मात्र त्या दिवशी सुगड्यांचे ढीगच ढीग. आत्यानं पाच सुगडी निवडायला वीस मिनिटं घेतली. प्रत्येकावर बोटानं टिचकी मारायची, आवाज बद्द आला की बाजूला. विकणारी बाई शेवटी म्हणाली, "घ्या की मावशी, वाणाला लागतेत, काय पाणी भरायलात का त्यात?"

आता माझी फजिती. एका दुकानात 'अस्सल हिमरू' म्हणून शाल गळ्यात पडली. घरी आल्यावर आत्यानं ती उलटी केली आणि हसायलाच लागली. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम. मागच्या बाजूला नक्षीचे जादा धागे मोकळे सुटलेले दिसतात. माझी शाल दोन्हीकडून गुळगुळीत, हाताला नायलॉनसारखी. तेव्हा उलटी करून बघितल्याशिवाय पाकीट काढू नका, आणि माग चालू असलेल्या ठिकाणीच घ्या.

शहागंजला पोचेपर्यंत दिवे लागले होते. घड्याळाचा मनोरा, खाली फळांच्या, कपड्यांच्या गाड्या आणि कानावर दख्खनी, "लेलो मामू, सस्ता है!" भाव निम्म्यापासून सुरू करायला लाजू नका, समोरचा मनावर घेत नाही. पोटासाठी नान खलिया. मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर तो इकडे आला असं सांगतात. खरं-खोटं ते जाणोत. भट्टीच्या भिंतीवरून सळईनं काढलेला, पिवळसर तकाकीचा नान हातात आला की वाद घालावासा वाटत नाही. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा. आत्यानं नुसते नान बांधून घेतले आणि घरी वरणाबरोबर खाल्ले. ही रात्रीची खरी रौनक रमजानात असते म्हणे, पण मग गर्दीची तयारी ठेवूनच या.

परतताना रेल्वेत एक सुगडं फुटलं. वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. शालीत गुंडाळायला हवं होतं, तेवढा तरी तिचा उपयोग झाला असता.