इतके लोक गेले आणि आपण लगेच कारण सांगायला बसतो

मोठी दुर्घटना झाली की बातम्यांमधला आकडा अजून वाढतच असतो आणि इकडे आपल्या ख्रिस्ती ग्रुपवर मेसेज सुरू, शेवटचा काळ आलाय, पापाची शिक्षा आहे, देवाचा काहीतरी प्लॅन असणार. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, भीती वाटते म्हणून माणूस कारण शोधतो. पण शवागाराबाहेर आपल्या माणसाचं नाव पुकारायची वाट बघत बसलेल्या कुणाच्या तरी फोनवर पण तो मेसेज जातो हो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय काढून बघा. पिलात या रोमन सुभेदाराने गालील प्रांतातल्या लोकांना यज्ञ करताना मारलं ही बातमी लोक येशूला सांगतात, तर तो स्वतःहून अजून एक घटना काढतो, शिलोहाचा बुरूज पडून 18 जण गेले ती. म्हणजे एक हत्याकांड आणि एक अपघात, आणि दोन्हीला उत्तर एकच, ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही. पुढे पश्चात्तापाचं बोलतो, पण ते समोर उभ्या असलेल्या जिवंत लोकांना. मेलेल्यांवर बोट ठेवत नाही, आणि का झालं हेही सांगत नाही.

वाचलेल्यांनी साक्ष जरूर द्यावी, म्हणजे देवाने कसं वाचवलं ते सांगावं, देवाचे आभार मानावेत. फक्त "प्रार्थना केली म्हणून वाचलो" म्हणताना जरा थांबावं. 1755 चा लिस्बनचा भूकंप 1 नोव्हेंबरला सकाळी झाला, सर्व संतांचा सण, चर्च माणसांनी भरलेली, आणि छपरं त्यांच्याच अंगावर कोसळली. प्रार्थना तर तेही करत होते.

मला स्वतःला आधार मिळतो तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात. आपला मित्र लाजर आजारी आहे कळूनही येशू दोन दिवस उशिरा निघतो, आणि पोचल्यावर लाजरच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी तोंडावर म्हणतात, प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. ही सरळ सरळ तक्रार आहे आणि तो त्यांना गप्प करत नाही. मरीयेला तर काही समजावतही नाही, तिला रडताना बघून विचारतो, त्याला कुठे ठेवलंय? आणि रडतो. थोड्याच वेळात लाजरला मेलेल्यांतून उठवणार हे माहीत असून रडतो! पुनरुत्थानावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण ती आशा आहे म्हणून रडायचं नाही असं त्याने कुठे केलं?

बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळंच गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते तोवर बरोबर होते, बोलायला लागले आणि बिघडलं.

म्हणून पास्टर लोकांना विनंती, अशा आठवड्यात रविवारी संदेशाच्या आधी बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचा, जे अंधारातच संपतं, शेवटी स्तुती नाही काही नाही, आणि वाचून झाल्यावर लगेच गाणं सुरू करू नका, लोकांना रडू द्या.