फळीवरची काडेपेटी

आत्याच्या घरी काडेपेटी स्वयंपाकघरात सापडत नाही. ती असते बाहेरच्या दारापाशी, चपलांच्या वरच्या फळीवर. उदबत्ती लावायची तर तिथून आणायची आणि परत तिथंच ठेवायची. ही शिस्त खडकीच्या क्वार्टरमधली.

आजोबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा, १९४० मध्ये, तिच्या जोडीला हाय एक्स्प्लोझिव्हज ही स्फोटकांची फॅक्टरी आली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. आजोबा विडी ओढायचे आणि आत काडी नेणं म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून पहिला भोंगा झाला की आजी त्यांना दारात उभं करून खिसे चाचपायची. शेजारचे तमिळ अण्णा हसायचे. महिन्याभरात त्यांच्या बायकोनंही तेच सुरू केलं! आजोबा आत नेमकं करतात काय, ते मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की उत्तर एकच, "काम."

१९६५ ची लढाई लागली तेव्हा आत्या चौथीत होती. लढाई म्हटल्यावर तिला तोफा आठवत नाहीत. ओव्हरटाइम आठवतो. वडील जागेपणी दिसायचे नाहीत, पण महिनाअखेरीलाही डब्यात शेंगदाणे असायचे. खिडक्यांना काळा कागद, आणि अंधारात अण्णांच्या घरी चार बिऱ्हाडांची पोरं गोळा होऊन भुताच्या गोष्टी. तिथंच ती तमिळमध्ये शंभरपर्यंत मोजायला शिकली. अजून मोजते, पण सत्तरच्या आकड्यापुढे अडखळते.

मग शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवू नका असं सांगितलं आणि आजीची पंचाईत झाली. तिचा सोमवार असायचा, तो संध्याकाळीच सोडायचा! दिवसभर उपाशी राहून रात्रीही चूल पेटवायची नाही, हे कुठल्या पोथीत बसतं? तिनं दोन दिवस विचार केला. मग निकाल दिला, "दिवस शंकराचा, रात्र शास्त्रीबुवांची." दुधावर सोमवार सुटला. त्या रात्री काडेपेटी फळीवरच राहायची.

निवृत्त झाल्यावरही सकाळचा भोंगा झाला की आजोबांचा हात खिशात जायचा. काडेपेटी काढून फळीवर ठेवायचे, आणि पिशवी घेऊन सावकाश भाजी आणायला निघायचे.