रिचमंड पार्क, ऑक्टोबर: माजावर आलेले नर आणि तांबूस नेचे

लंडनहून पानगळ बघायला निघणारे बहुतेक जण लालभडक झाडांच्या शोधात असतात. ती अपेक्षा धरून रिचमंड पार्कला गेलात तर हिरमोड होईल. इथे राज्य आहे जुन्या ओक वृक्षांचं, आणि इंग्लिश ओक लाल होत नाही. तो आधी पिवळट आणि मग तपकिरी होतो, तेही बरंचसं नोव्हेंबरात. ऑक्टोबरमध्ये इथला रंग जमिनीवर पसरलेला असतो. ब्रॅकन नावाचे कमरेएवढे नेचे तांब्यासारखे झालेले असतात आणि त्यांच्यामधून नर हरणांचं डुरकणं ऐकू येतं. खरं बघायचं ते हे.

पार्क सुमारे २५०० एकरांचं आहे. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये शिकारीसाठी त्याला भिंत घातली आणि हरणं तेव्हापासून इथे आहेत. आज त्यांची संख्या सहाशेच्या वर आहे. त्यात दोन जाती: फाटे फुटलेल्या शिंगांची मोठी तांबडी हरणं, आणि पंजासारखी पसरट शिंगं असलेली लहान फॅलो हरणं. फॅलोंच्या अंगावरचे ठिपके पाहून चितळाची आठवण होते. सप्टेंबरअखेरपासून तांबडे नर माजावर येतात. एकेक नर माद्यांचा कळप गोळा करतो आणि इतर नरांना हुसकावत राहतो. शिंगांत नेच्यांचे झुबके अडकवून फिरणारा नर दिसला तर तो प्रतिस्पर्ध्याला आपलं आकारमान दाखवतोय असं समजावं.

दिवस निवडताना एक अडचण येते. माजाचा जोर ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो, तर पार्कातल्याच इझाबेला प्लँटेशन या कुंपणाच्या बागेतले मेपल महिन्याच्या शेवटी लाल होतात. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर ऑक्टोबरचा तिसरा शनिवार धरावा. फक्त हरणांसाठी जायचं असेल तर दुसरा. शाळांच्या सुट्टीचा आठवडा शक्यतो टाळावा, कारण पार्कातल्या पेन पाँड्स या दोन तळ्यांभोवती इतकी गर्दी होते की हरणं आत सरकतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य ७:२० च्या सुमारास उगवतो, त्याआधी आत असायला हवं. रात्र निरभ्र, थंड आणि बिनवाऱ्याची गेली असेल तर सखल भागात धुकं साचतं आणि तासाभरात विरून जातं. रविवारी पहिल्या गाड्या उशिरा सुटतात, म्हणून शनिवारच बरा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून रिचमंडला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा शुक्रवारी रात्री वेळापत्रक पुन्हा तपासावं. स्टेशनवरून ६५ किंवा ३७१ नंबरच्या बसने पीटरशॅम गेटपाशी उतरायचं आणि छोटी चढण चढून पेम्ब्रोक लॉज या पार्कातल्या जुन्या वाड्यापाशी यायचं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड लागतं. बसऐवजी स्टेशनवरून रिचमंड हिल या टेकडीवरून चालत आलात तर अर्धा तास जास्त जातो, पण वाटेत थेम्सच्या वळणाचं ते दृश्य भेटतं, जे जपण्यासाठी १९०२ मध्ये संसदेने खास कायदा केला.

पेम्ब्रोक लॉजच्या बागेत किंग हेन्रीज माउंड हा उंचवटा आहे. तिथल्या दुर्बिणीतून, झाडीत राखलेल्या फटीमधून, सोळा किलोमीटरवरचा सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो. सकाळी धुरकट असतं, म्हणून हे परतीसाठी ठेवावं. स्वच्छतागृह मात्र इथेच उरकून घ्यावं. तिथून पूर्वेला पेन पाँड्सकडे वळा. दोन तळ्यांमधल्या बांधावरून दोन्ही बाजूंचे कळप दिसतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. हरणांपासून किमान पन्नास मीटर दूर राहायचं, म्हणजे चार-पाच डबलडेकर बस एकामागोमाग उभ्या केल्यावर होईल तेवढं अंतर. चूक नेहमी एकाच पद्धतीने होते: मोबाइलमध्ये हरीण बारीक दिसतं, म्हणून माणूस चार पावलं पुढे जातो, त्याला पाहून दुसरा जातो, आणि बघता बघता नराभोवती अर्धवर्तुळ तयार होतं. दीडशे किलोहून जड जनावराला मग वाट काढायची असते आणि ते मोकळ्या फटीकडे धावतं. असा घोळका दिसला की तिथून निघावं. दोन नरांच्या मध्ये, किंवा नर आणि त्याच्या माद्यांच्या मध्ये कधीही उभं राहू नये. नर टक लावून बघू लागला, ताठ पावलं टाकू लागला किंवा शिंगांनी जमीन उकरू लागला तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकावं आणि मध्ये एखादं झाड ठेवावं. नेच्यांतून आडवाट काढू नये, बसलेला नर त्यात दिसतच नाही. शिवाय तिथे गोचिड्या असतात: पँट मोज्यांत खोचावी आणि घरी गुडघ्यामागे, काखेत तपासावं. जवळून बघायची हौस दुर्बीण किंवा ३०० मिमीची लेन्स भागवते. कुत्रा या महिन्यात घरीच बरा.

खाली पडलेले चेस्टनट आणि ओकची फळं उचलायला मनाई आहे, कारण हरणांची थंडीची बेगमी तीच. डब्यातली पुरी त्यांना घालणंही नियमाविरुद्ध आहे.

पेन पाँड्सपासून दक्षिणेला इझाबेला प्लँटेशन. हरणं आत येऊ नयेत म्हणून कुंपण आहे. फाटक आठवणीने लावावं. लाल रंग हवा होता तो इथे, ओढ्याकाठच्या मेपल आणि ट्युपेलो झाडांवर. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा आठवडा गेला असेल तर पानांत अडकलेल्या साखरेमुळे लाल द्रव्य भरपूर बनतं. ढगाळ, पावसाळी आठवड्यानंतर रंग फिकाच राहतो. इथे एक तास सहज जातो.

गवतावर दव असतं, साधे स्पोर्ट्स शूज पंधरा मिनिटांत भिजतात. जलरोधक बूट आणि मोज्यांचा जादा जोड घ्यावा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि ४:४० च्या आसपासच सूर्य मावळतो. गाडी आणली असेल तर ध्यानात ठेवा: वाहनांची फाटकं अंधार पडताच बंद होतात. पायी येणाऱ्यांसाठी फाटकं एरवी रात्रंदिवस उघडी असली तरी नोव्हेंबरात, हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या कामासाठी, रात्री ८ ते सकाळी ७:३० बंद असतात. त्या महिन्यात पहाटेचा बेत जमत नाही.

इझाबेलाहून थेट परतायचं असेल तर हॅम गेटने बाहेर पडून हॅम कॉमनपर्यंत चालावं, तिथे ६५ नंबरची बस मिळते. ती एका दिशेला किंग्स्टनला जाते, दुसऱ्या दिशेला रिचमंडला. गाड्या दोन्हीकडून वॉटर्लूला आहेत, पण भाडं झोनप्रमाणे ठरतं आणि किंग्स्टन सहाव्या झोनमध्ये आहे, रिचमंड चौथ्या, तेव्हा स्वस्त पडणारी रिचमंडची बस पकडावी.